विजेरीसंग्रह

हातात धरण्याच्या किंवा खिशात मावणाऱ्या विजेऱ्या आवडीने जमवणे, त्यांतली एक तरी रोज जवळ बाळगणे, त्या उघडून त्यांत फेरबदल करणे आणि त्यांच्या उजेडाची पारख करणे, अशा छंदाला विजेरीसंग्रह म्हणता येईल. शहरी मराठीत या वस्तूला टॉर्च म्हणतात. खेड्यापाड्यांत ती सरसकट बॅटरी असते आणि तिच्या पोटात घालायचा तो सेल. नाणी किंवा पोस्टाची तिकिटे जमवणारा माणूस आपला ठेवा जपून बंद ठेवतो; विजेरीचा शौकीन मात्र ती खिशात घालून हिंडतो, पाडतो, भिजवतो, आणि तरीही आणखी एक घेतो. चार पैशांच्या उपयोगी वस्तूचे असे वेड माणसाला लागते कसे, याचे सर्रास दिले जाणारे उत्तर म्हणजे अंधाराची भीती. ते उत्तर अपुरे आहे. माणूस विजेरी घेतो गरजेपोटी, हे खरे. पण तिच्या नादी लागतो ते एका उजेडातला आणि दुसऱ्या उजेडातला फरक त्याच्या डोळ्यांना कळू लागल्यावर. विजेरीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या म्हणण्याला पुष्टी देतो.

डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी नळकांड्याच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. ते त्याने रशियन साम्राज्यातून न्यू यॉर्कला आलेल्या कॉनरॅड ह्यूबर्ट याच्या कंपनीच्या नावे केले. पुढे एव्हरेडी म्हणून जगभर गेलेले नाव याच कंपनीतून निघाले. कागदी नळी, एकामागे एक ठेवलेले तीन कोरडे सेल, टोकाला छोटा दिवा आणि मागे पितळी परावर्तक, एवढाच तिचा संसार. कर्बाच्या तंतूचा दिवा वीज फार खाई आणि जस्त-कर्बाचे सेल लवकर दमत, म्हणून ती सलग लावून ठेवता येत नसे. क्षणभर लावायची, पाहून घ्यायचे, विझवायची. तिच्या फ्लॅशलाइट या इंग्रजी नावात लुकलुकण्याचा अर्थ आहे तो यामुळेच. १९१० नंतर टंगस्टनच्या तंतूने उजेड पांढरा आणि टिकाऊ झाला, सेल सुधारले, कागदाच्या जागी पितळ आणि पत्रा आला. पण पुढची जवळजवळ सत्तर वर्षे मूळ बनावट तीच राहिली. पोलीस, खाणकामगार, सैनिक, रखवालदार अशा लक्षावधी लोकांनी ती रोज हाताळली, तरी तिच्याभोवती आजच्यासारखे शौकिनांचे जग उभे राहिले नाही. सगळ्या विजेऱ्या थोड्याफार फरकाने तोच पिवळा, मधोमध डाग पडलेला उजेड देत असताना पारखायचे तरी काय?

महाराष्ट्राचे उदाहरण इथे फार बोलके आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला येते, मग पाणी द्यायला काळोखात बांधावरून जावे लागते, पायाखाली विंचूकाटा असतो. अशा शेतकऱ्याला विजेरीची जितकी गरज, तितकी रस्त्यावर दिवे असलेल्या कॅलिफोर्नियातल्या नोकरदाराला कधीच नव्हती. त्याने तिची निगाही मनापासून राखली. पावसाळ्यात विजेरी पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते पाझरून आतली स्प्रिंग गंजते. मंदावलेले सेल उन्हात ठेवून त्यांतून आणखी दोन रात्री काढायच्या. बुडाच्या झाकणात जादा दिवा जपायचा. खुंटीला अडकवायची कडी, सरकते बटण, त्याच्या पुढे क्षणभर उजेड पाडायची लाल कळ, डोके फिरवून झोत लहानमोठा करण्याची सोय, हे सारे बोटांना पाठ असे. दोन सेलची की तीन सेलची यावर घरातली ऐपत कळे. एवढी गरज आणि एवढी निगा असूनही तिथे संग्रहाचा छंद उपजला नाही. पैशाची चणचण हे त्याचे एक कारण आहेच, ते नाकारता येणार नाही. पण ज्यांच्याकडे पैसा होता त्या बागायतदारांनीही विजेऱ्या जमवल्या नाहीत. फार तर पाच सेलची एक मोठी घेतली. निवडायला सेलांच्या संख्येपलीकडे काही नव्हते.

पालट झाला तो टप्प्याटप्प्याने. १९७९ मध्ये अँथनी मॅग्लिका यांच्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमची घडीव मॅगलाइट बाजारात आणली आणि १९८४ मध्ये तिची बोटभर आवृत्ती, मिनी मॅगलाइट. विजेरी दंडुक्यासारखी मजबूत, पाण्याला न भिणारी आणि हातात घेताच आवडावी अशी असू शकते, हे त्यामुळे लोकांना कळले. शुअरफायर या अमेरिकी कंपनीने लिथियमचे दोन छोटे सेल घालून तळहाताएवढ्या विजेरीतून त्या काळी डोळे दिपवणारा उजेड काढला. मग आला निळा एलईडी. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना ज्या शोधासाठी २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले, त्याच निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड निघू लागला. सोबत लॅपटॉपमध्ये वापरला जाणारा १८६५० हा पुन्हा चार्ज करता येणारा लिथियम सेल विजेरीत शिरला; १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणून हे नाव. २००० नंतर चीनमधल्या शेनझेन शहरात या सगळ्या भागांची जुळणी करणारे छोटे-मोठे उत्पादक उभे राहिले. एकाच आकाराच्या नळीत दहा वेगवेगळे एलईडी, तीन प्रकारचे परावर्तक आणि निरनिराळी इलेक्ट्रॉनिक मांडणी मिळू लागली. विजेरीच्या शौकाचा खरा भर याच वर्षांतला आहे. गरज वाढली म्हणून छंद वाढला असे म्हणावे तर याच काळात जगातले रस्ते अधिक उजळले आणि प्रत्येकाच्या मोबाइलला दिवा बसला.

फरक कळू लागतो म्हणजे काय होते, हे एका साध्या प्रयोगाने दिसते. अंधाऱ्या खोलीत स्वस्त, निळसर पांढऱ्या विजेरीचा उजेड स्वतःच्या तळहातावर टाकावा. हात राखाडी, मातकट, आजारी माणसाचा असावा तसा दिसतो. मग सुमारे ४००० केल्विन रंगतापमानाचा, रंग-प्रत्यय निर्देशांक (उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० हून जास्त असलेला एलईडी त्याच हातावर धरावा. बोटांच्या पेरांतला लालिमा, मनगटावरच्या हिरव्या-निळ्या शिरा, नखांखालचा गुलाबी रंग एकदम वर येतो. उजेड वाढलेला नसतो, बऱ्याचदा कमीच झालेला असतो. तरी दिसते जास्त. याचे कारण ठाऊक आहे. रंग-प्रत्यय निर्देशांक आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात, आणि गडद लाल त्या आठांत धरलेला नाही. तो आर-नाइन या वेगळ्या आकड्याने मोजावा लागतो आणि हलक्या एलईडींत नेमका तोच मार खातो. रक्त, तांबडी माती, लाकूड, वाळका पाला यांचे रंग अशा उजेडात सपाट होतात. पाल्यावर निपचित पडलेली घोणस ओळखायची असेल तर हा बारकावा शोभेचा राहत नाही. पुढे शौकीन टिंटबद्दल बोलू लागतो: उजेडात किंचित हिरवी झाक आहे की गुलाबी. ज्याने कधी दोन विजेऱ्या शेजारी-शेजारी धरून त्यांचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पाडला नाही त्याला हे बोलणे अवाजवी वाटते. एकदा दिसलेली हिरवी झाक मात्र पुन्हा न दिसणे अशक्य असते. गाणे ऐकणाऱ्याला बेसूर एकदा कळू लागला की तो कळायचा थांबत नाही, तसेच हे आहे.

एकदा एवढे झाले की दुसरी विजेरी का हवी हे आपसूक पटते, कारण भौतिकी सर्व गुण एका नळीत मावू देत नाही. लांब फेक आणि पसरट उजेड यांचे जमत नाही. झोताची तीव्रता कँडेलांत मोजतात आणि त्याचा पल्ला कँडेलांच्या वर्गमुळाच्या दुप्पट मीटर मानतात, म्हणजे १०,००० कँडेलांची विजेरी २०० मीटरपर्यंत पोहोचते. तोच पल्ला ४०० मीटर करायला ४०,००० कँडेला लागतात. त्यासाठी खोल, रुंद परावर्तक हवा, आणि तसे डोके खिशात मावत नाही. उलट तंबूत, स्वयंपाकघरात, मोटारीच्या बॉनेटखाली मऊ, कडा नसलेला पसरट उजेड हवा असतो. मोठा उजेड उष्णता घेऊन येतो, म्हणून बोटभर विजेरी तिचा जाहिरातीतला कमाल उजेड मिनिट-दोन मिनिटेच देते आणि मग स्वतःच मंद होते. जवळ बाळगण्याची सवय यातूनच येते. कपाटातल्या विजेरीचे गुणदोष कळत नाहीत. मीटरपेटीशी, सिलिंडरमागे, पलंगाखाली, वीज गेलेल्या जिन्यात ती रोज वापरल्यावरच बटण अंगठ्याला सापडते की शोधावे लागते हे समजते. अनुभवी शौकिनांची सर्वांत आवडती पातळी बहुधा सर्वांत खालची असते. एका ल्युमेनहून (ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप) कमी, चांदण्यासारखा हा उजेड. डोळ्यांतल्या दंडपेशींना अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि झगमगीत झोत ती मेहनत क्षणात घालवतो. मध्यरात्री उठून पाणी प्यायला जाताना या मंद उजेडाची किंमत कळते.

भीतीचा आक्षेप इथेच ढिला पडतो. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातले ऑन्टारिओ अंधारात गेले, जुलै २०१२ मध्ये भारताचा उत्तर आणि पूर्व भाग. अशा प्रसंगी माणूस विजेरी विकत घेतो यात शंका नाही. पण भीतीने घेतलेली विजेरी वीज परत आल्यावर खणात जाते आणि तिथेच सेल पाझरून मरते. भीतीचे समाधान एका विजेरीने होते. दहाव्या विजेरीचे आणि मुद्दाम मंद केलेल्या उजेडाच्या आवडीचे स्पष्टीकरण ती देऊ शकत नाही. स्वसंरक्षणासाठी विजेरी बाळगणारे लोक आहेत, त्यांची निकड खरी आहे, पण त्यांना एक भरवशाची विजेरी पुरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सगळा ल्युमेनांच्या आकड्यांनी फुगवलेला ग्राहकवाद आहे. यात तथ्य आहे. वेष्टणांवर अशक्य आकडे छापले जातात, दर महिन्याला नवी आवृत्ती येते, आणि अर्धा डझन विजेऱ्या नंतर हातही न लावता पडून राहतात. तरीही बाजाराचे खोटे उघडे पाडण्यात शौकिनांचा वाटा मोठा आहे. २००९ मध्ये अमेरिकेत एफएल-वन हे मापन-मानक आले, त्यात उजेड, पल्ला, टिकण्याचा वेळ, पाण्याला आणि आदळण्याला तोंड देण्याची ताकद मोजायची एक ठरावीक रीत मिळाली. त्यातली पळवाटही अभ्यासूंनीच दाखवून दिली: उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सारा काळ टिकण्याचा वेळ म्हणून धरला जातो, त्यामुळे क्षणभर झळाळून तासन्‌तास मिणमिणणारी विजेरीही कागदावर उत्तम ठरते. घरी प्रकाशमापक गोल बनवून दर मिनिटाचा आलेख काढणारा माणूस भुललेला ग्राहक नसतो. शिवाय आपल्या डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला तो प्रत्यक्षात चौपटीहून जास्त वाढवावा लागतो, हे कळल्यावर आकड्यांची ओढ बहुतेकांची ओसरते. ९०० ल्युमेन आणि १००० ल्युमेन यांतला फरक डोळ्याला सहसा जाणवत नाही.

जुन्या विजेऱ्या जमवणाऱ्यांना हे विवेचन पूर्णपणे लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एव्हरेडी, युद्धकाळातल्या काटकोनी लष्करी विजेऱ्या, भारतात अलाहाबादला बनलेल्या जीप कंपनीच्या किंवा लखनौच्या कारखान्यातल्या पितळी विजेऱ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांतले अनेक त्या पेटवतही नाहीत. त्यांचे प्रेम वस्तूच्या घडणीवर आणि काळावर आहे, आणि ते घड्याळे किंवा पितळी दिवे जमवणाऱ्यांना अधिक जवळचे आहे. पण त्यांच्यातही पारख बटणाच्या बनावटीची, भिंगाच्या फुगीरपणाची, निकेलच्या मुलाम्याची असते. डोळा इथेही तयार व्हावा लागतो. फक्त तो उजेडाऐवजी उजेड देणाऱ्याकडे वळलेला असतो. भारतातल्या या पितळी विजेऱ्यांची मात्र फार आबाळ झाली आहे. पुष्कळशा मोडीत वजनावर गेल्या.

नव्या विजेऱ्यांच्या बाबतीत काळजी घ्यायची ती सेलची. संरक्षक मंडल नसलेला लिथियम सेल वरचे वेष्टण फाटले असता वापरू नये, त्याच्या जातीला न जुळणाऱ्या चार्जरवर लावू नये, विमानप्रवासात सुटे सेल सामानात न देता स्वतःजवळ, टोके झाकून ठेवावेत. ताकदवान विजेरी खिशात चुकून पेटली तर कापड जाळू शकते, म्हणून बुडाचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवण्याची रीत आहे. काजव्यांच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, भंडारदऱ्याच्या किंवा राजमाचीच्या रानात जाणाऱ्याने विजेरी बंदच ठेवावी. नर आणि मादी काजवे एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात आणि आपल्या झोताने त्यांची भेट चुकते.