काँगो-सुधारणेची चळवळ आणि निद्रारोगाची साथ

दूरच्या खंडातील अपरिचित लोकांवर ओढवलेल्या आपत्तीची जाणीव सामान्य नागरिकांना करून द्यावयाची आणि त्यांच्याकरवी सरकारांवर दडपण आणावयाचे, ही पद्धती आज सर्वपरिचित झाली आहे. तिची साधने बव्हंशी विसाव्या शतकाच्या प्रारंभी, काँगोच्या प्रश्नावर, घडविली गेली. गुलामांच्या व्यापाराविरुद्धची चळवळ हिच्याहून जुनी होय. परंतु व्यापारी आकडे, सरकारी वृत्तान्त आणि छायाचित्र ह्या तिहींची सांगड काँगोच्या चळवळीत विशेष ठळकपणे घातली गेली. ह्या चळवळीने काय साधले, हे वारंवार सांगितले गेले आहे. तिच्या दृष्टीच्या कक्षेबाहेर काय राहिले, ह्याचाही विचार तितकाच आवश्यक आहे.

बर्लिन येथे १८८४-८५ साली भरलेल्या परिषदेच्या सुमारास युरोपीय राष्ट्रांनी काँगो नदीच्या खोऱ्यावरील बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याचा अधिकार मान्य केला. सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश बेल्जमची वसाहत नव्हता; तो एका व्यक्तीच्या सत्तेखाली होता आणि त्याला 'काँगोचे स्वतंत्र राज्य' हे नाव दिलेले होते. डनलॉपच्या हवा भरलेल्या धावेचा १८८८ नंतर प्रसार झाला आणि रबराची मागणी एकदम वाढली. काँगोच्या अरण्यातील वेलींपासून रबर मिळत असे. ते गोळा करण्याची वेठ गावोगावच्या पुरुषांवर लादण्यात आली. ठरलेले वजन भरले नाही, तर स्त्रिया ओलीस धरल्या जात, फटके मारले जात, गावे जाळली जात. सैनिकांनी काडतुसे वाया घालविली नाहीत, ह्याचा पुरावा म्हणून मृतांचे तोडलेले उजवे हात अधिकाऱ्यांपुढे मांडण्याची चालही पडली.

ह्या राज्यपद्धतीविरुद्ध पहिला जाहीर आवाज उठविला तो जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकाराने. त्याने १८९० साली काँगोतूनच लिओपोल्डला उद्देशून एक खुले पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी तो मृत्यू पावला व पत्र विस्मृतीत गेले. विल्यम शेपर्ड ह्या दुसऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने १८९९ साली एका छावणीत विस्तवावर धुरावले जात असलेले ८१ तोडलेले हात स्वतः मोजले. अशी साक्ष एकाकी राहिली तोवर तिला अतिशयोक्ती ठरविणे राजाच्या पक्षाला कठीण गेले नाही.

ही कोंडी प्रथम फोडली ती जमाखर्चाच्या वह्यांनी. लिव्हरपूलच्या एल्डर डेम्प्स्टर ह्या जहाज कंपनीकडे अँटवर्प व काँगो ह्यांमधील वाहतूक होती. तिच्या कचेरीतील कारकून एडमंड मॉरेल ह्याच्या लक्षात आले की, काँगोहून येणारी जहाजे रबर व हस्तिदंत ह्यांनी भरलेली असतात. उलट तिकडे जाणाऱ्या जहाजांत विकावयाचा माल फारसा नसून बंदुका व दारूगोळा असतो. मोबदला न देता माल मिळत असेल, तर तो वेठीनेच मिळत असला पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. आफ्रिकेत पाऊलही न ठेवता काढलेले हे अनुमान पुढे अक्षरशः खरे ठरले. मॉरेलने १९०१ साली नोकरी सोडली आणि लेखणी हाती धरली.

दुसरे साधन सरकारी वृत्तान्ताचे. ब्रिटिश पार्लमेंटने मे १९०३ मध्ये ठराव केल्यावर कॉन्सल रॉजर केसमेंट ह्याला काँगोच्या अंतर्भागात पाठविण्यात आले. त्याचा वृत्तान्त फेब्रुवारी १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. केसमेंटने हा प्रदेश पूर्वी पाहिलेला असल्यामुळे त्याला तुलना करता आली. लुकोलेला येथे १८८७ साली पुरी ५,००० वस्ती त्याने पाहिली होती. १९०३ साली ती ६०० हूनही कमी उरली होती. ह्या ऱ्हासाची तेथे सांगितली गेलेली कारणे त्याने एकत्रच नोंदविली: निद्रारोग, सर्वसाधारण अनारोग्य, अन्नाचा तुटवडा, आणि अधिकाऱ्यांची वेठ व वसुली. रोग आणि जुलूम ह्यांचा संबंध येथे एकाच वाक्यात आलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी होय.

तिसरे साधन छायाचित्राचे. इंग्रज मिशनरी ॲलिस सीली हॅरिस हिने मे १९०४ मध्ये बारिंगा येथे एक छायाचित्र घेतले. न्साला नावाचा एक गृहस्थ ओट्यावर बसला आहे आणि आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हातापायाकडे पाहत आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये मॉरेल, केसमेंट व त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयत्नाने 'काँगो सुधारणा संघ' स्थापन झाला होता. मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने ही चित्रे ब्रिटन व अमेरिकेतील सभागृहांतून दाखविली जाऊ लागली. ज्यांनी वृत्तान्त कधी वाचला नसता, त्यांनी चित्र पाहिले व ठराव पाठविले.

दडपणामुळे लिओपोल्डला त्रिसदस्य चौकशी आयोग नेमावा लागला. ह्या आयोगापुढे लोंतुलू नावाचा एक ग्रामप्रमुख आला. त्याने ११० काटक्या आणल्या होत्या. एकेक काटकी म्हणजे रबरापायी मारला गेलेला एकेक माणूस. प्रतिष्ठित, पुरुष, स्त्रिया, मुले ह्यांच्यासाठी काटक्यांची लांबी निरनिराळी होती. आणि एकेक काटकी मांडताना तो त्या मृताचे नाव घेत होता. लेखनकलेचा आधार नसलेल्या समाजानेही आपल्या आपत्तीची नोंद किती काटेकोरपणे ठेवली होती, ह्याचे हे प्रमाण होय. परंतु १९०५ च्या नोव्हेंबरात आयोगाचा अहवाल छापला गेला, तो साक्षी वगळून. त्या साक्षी ब्रुसेल्सच्या दप्तरखान्यात राहिल्या आणि अभ्यासकांना १९८० नंतरच खुल्या झाल्या. लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या केसमेंटच्या वृत्तान्तातूनही व्यक्तींची व गावांची अनेक नावे गाळलेली होती. जगाला हात दिसले. नावे ऐकू आली नाहीत.

लिओपोल्डच्या हातून काँगो नोव्हेंबर १९०८ मध्ये बेल्जमच्या सरकारकडे गेला. ब्रिटनने हे हस्तांतर १९१३ साली मान्य केले व त्याच वर्षी संघ विसर्जित झाला. एका सार्वभौम राजाची सत्ता लोकमताच्या बळावर संपुष्टात आणली गेली, हे यश सामान्य नव्हे.

परंतु ह्या काळात काँगोत झालेल्या मृत्यूंपैकी मोठा भाग बंदुकीचा किंवा सुऱ्याचा नव्हता. तो रोगाचा व उपासमारीचा होता. मृतांची एकूण संख्या निश्चित सांगता येत नाही, कारण प्रदेशव्यापी गणना १९२० नंतरच होऊ लागली. निद्रारोगाचे जंतू त्सेत्से माशीच्या दंशाने शरीरात शिरतात व अखेर मेंदूवर आघात करतात. ही माशी नदीकाठच्या दाट सावलीत राहते. रोग जुना होता. त्याला साथीचे रूप दिले ते राज्यपद्धतीने. हमाल, सैनिक व जहाजांवरील मजूर ह्यांच्या सक्तीच्या हालचालींबरोबर रोग नव्या प्रदेशांत गेला. रबरासाठी पुरुषांना दिवसच्या दिवस अरण्यात काढावे लागले; शेते ओस पडली; वेठ चुकवू पाहणारी कुटुंबे ओलसर रानात दडून राहिली; अर्धपोटी शरीरांत प्रतिकाराची शक्ती उरली नाही.

ह्या दोन प्रश्नांची फारकत कशी झाली, हे लिव्हरपूलमध्येच पाहावयास मिळते. मॉरेलचा मालक आल्फ्रेड जोन्स हा त्या शहरातील काँगो राज्याचा कॉन्सल होता आणि लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाचा संस्थापकही तोच होता. ह्या विद्यालयाच्या डटन, टॉड व क्रिस्टी ह्या वैद्यांची मोहीम १९०३ साली लिओपोल्डच्या संमतीने काँगोत गेली. डटन १९०५ साली तेथेच आजाराने मृत्यू पावला. त्यांच्या कार्यातील निष्ठा वादातीत आहे. तथापि रोग हा वैद्यांचा विषय आणि जुलूम हा सुधारकांचा विषय, अशी वाटणी होऊन बसली. सुधारकांना असा अपराध हवा होता की, ज्याचा अपराधी दाखविता येईल. माशीवर खटला भरता येत नाही. राज्यालाही हे सोयीचे होते, कारण लोकसंख्येचा ऱ्हास एकट्या रोगाच्या माथी मारता येत होता.

परिणाम असा की, राजा गेला तरी साथ राहिली, आणि तिच्याशी झुंजण्याची रीत पुन्हा सक्तीचीच ठरली. लोकांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. रुग्णांना कुटुंबापासून तोडून छावण्यांत ठेवण्यात आले. सोमलयुक्त ॲटॉक्सिल टोचल्याने कित्येकांची दृष्टी गेली. गावकरी ह्या छावण्यांना तुरुंग समजत, ह्यात नवल नव्हते. त्यांच्या दृष्टीने शिपाई तोच होता. केवळ हुकूम बदलला होता. पुढील दशकांत फिरत्या पथकांनी रोग बराच आटोक्यात आणला. मात्र १९६० च्या स्वातंत्र्यानंतरच्या अस्थिरतेत ही पथके विस्कळित झाली आणि १९९८ साली देशात २५ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. तोंडाने घ्यावयाचे फेक्सिनिडाझोल हे औषध २०१८ साली मान्य झाले. त्याच्या चाचण्यांत काँगोतील वैद्यांचा वाटा मोठा होता.

दृष्टीची ही विषमता इतिहासजमा झालेली नाही. पूर्व काँगोत २०१८ ते २०२० ह्या काळात इबोलाच्या साथीत सुमारे २,३०० माणसे दगावली व जगाची वृत्तपत्रे त्या बातम्यांनी भरली. त्याच सुमारास देशभर पसरलेल्या गोवराने ७,००० हून अधिक बळी घेतले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. गोवराची लस १९६३ पासून उपलब्ध आहे. तरीही ह्या मृत्यूंची वार्ता फारशी कोठे पोहोचली नाही.

काँगो-सुधारणेच्या चळवळीचे मोल ह्या विवेचनाने कमी होत नाही. न पाहिलेल्या माणसांसाठी हजारो लोक सभांना जमले, ही गोष्ट मानवी इतिहासात नोंदण्याजोगीच होय. परंतु लोकजागृती जे दाखविता येते त्याकडे धावते, आणि जे सावकाश, घरोघर, नाव न लागता मारते ते अंधारात राहते. केसमेंटने रोग, भूक व वेठ एकत्र नोंदविली होती. लोंतुलूने प्रत्येक मृताला त्याच्या नावाने मोजले होते. आपत्तीचे समग्र ज्ञान ह्या दोन नोंदींत, जगाला ते हवे होते त्या क्षणी, उपलब्ध होते. त्यांपैकी एक नोंद अर्धीच वाचली गेली आणि दुसरी पाऊणशे वर्षे दप्तरात बांधून ठेवली गेली.