शितावरून भाताची परीक्षा : परभाषकांसाठी घेतल्या जाणाऱ्या इंग्रजी परीक्षा आणि त्यांची पूर्वतयारी

‘शितावरून भाताची परीक्षा’ या मराठी म्हणीत परीक्षेचे मूळ तत्त्व जितक्या नेमकेपणाने आले आहे तितके ते परीक्षाशास्त्रावरील ग्रंथांतही क्वचितच आढळेल. सगळा भात चाखून पाहणे शक्य नसते. म्हणून एक शीत चेपून पाहावयाचे आणि त्यावरून भांड्यातील भाताविषयी अनुमान करावयाचे. हे अनुमान एका गृहीतावर उभे असते. ते असे की, जे शीत हाती आले ते इतर भाताबरोबरच शिजलेले आहे. ज्या दिवशी कोणी ते एकच शीत वेगळ्या भांड्यात शिजवून पुढे करील त्या दिवशी शीत शिजलेले असेल, परंतु भाताविषयी त्यावरून काहीच कळणार नाही. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी विसाव्या शतकात ज्या परीक्षा निर्माण झाल्या त्यांचा इतिहास म्हणजे वस्तुतः शीत निवडणारे आणि शीत वेगळे शिजवणारे यांच्यामधील एका दीर्घ झगड्याचा इतिहास होय. या झगड्याचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागली, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

हा प्रश्न भाषापरीक्षांच्या पूर्वीच उद्भवलेला होता, आणि त्याचा संबंध हिंदुस्थानाशी निकटचा आहे. १८५३ च्या कायद्याने सनदी नोकऱ्यांसाठी खुली स्पर्धा ठरविण्यात आली व १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. तत्पूर्वी, १८५४ मध्ये, मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्या अहवालात उथळ आणि पसरट ज्ञानाला गुण मिळू नयेत, घोकून आलेल्या उमेदवाराचा लाभ होऊ नये, असे आग्रहाने सुचविले होते. समितीचा हेतू शुद्ध होता. परंतु परीक्षा सुरू होऊन फार काळ लोटला नाही तोच लंडनमध्ये केवळ या परीक्षेची तयारी करून देणाऱ्या खाजगी शिक्षकांचा धंदा भरभराटीस आला. पुढे १८७८ पासून उमेदवारांची कमाल वयोमर्यादा एकोणीस वर्षांवर आणण्यात आली. शिकवणीवाल्यांचा वाढता प्रभाव हाही त्या वेळच्या चर्चेतील एक मुद्दा होता. या उपायाने तो धंदा तर बंद पडला नाहीच. उलट समुद्र ओलांडून परक्या भाषेत परीक्षा देणाऱ्या हिंदी तरुणांची वाट मात्र अधिक बिकट झाली. घोकंपट्टी रोखण्यासाठी योजलेल्या उपायाचा भार घोकंपट्टी करून घेणाऱ्यावर न पडता दुर्बळ उमेदवारावर पडतो, हे या प्रसंगातून प्रथमच स्पष्ट झाले. केंब्रिज येथील अध्यापक हेन्री लॅथम यांनी १८७७ मध्ये परीक्षांच्या परिणामांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परीक्षा ही ज्ञान मोजते एवढेच नव्हे तर ती ज्ञानाला वळणही लावते, हा विचार त्या काळापासून शिक्षणचर्चेत रूढ झालेला आहे.

२

परभाषकांसाठीच्या इंग्रजी परीक्षांचा आरंभ साधारणपणे १९१३ या वर्षी मानला जातो. त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने ‘सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी इन इंग्लिश’ ही परीक्षा सुरू केली. परदेशांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी ती प्रामुख्याने योजलेली होती. इंग्रजीतून फ्रेंच अथवा जर्मन भाषेत भाषांतर, त्या भाषांतून इंग्रजीत भाषांतर व व्याकरण, इंग्रजी निबंध, इंग्रजी साहित्य आणि ध्वनिशास्त्र असे तिचे लेखी भाग होते. त्यांच्या जोडीला श्रुतलेखन, वाचन व संभाषण. एकूण परीक्षा बारा तासांची होती. पहिल्या वर्षी अवघे तीन परीक्षार्थी बसले, आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले.

या घटनेकडे आज विनोद म्हणून पाहिले जाते. परंतु तिचा अर्थ गंभीर आहे. या परीक्षेसाठी तयारीची पुस्तके नव्हती, जुन्या प्रश्नपत्रिका नव्हत्या, वर्ग नव्हते. परीक्षार्थी होते तसे बसले. म्हणजे शीत भाताबरोबरच शिजलेले होते. पुढील दीड दशकात परीक्षार्थींची वार्षिक संख्या अत्यल्पच राहिली, आणि १९२९ च्या सुमारास ही परीक्षा बंद करावी की काय असा प्रश्न उत्पन्न झाला. परीक्षा शुद्ध होती, पण ती कोणास नको होती.

मंडळाचे सहायक सचिव जॅक रोच यांनी तिला नवे जीवन दिले. १९३२ मध्ये ध्वनिशास्त्राची प्रश्नपत्रिका काढून टाकण्यात आली व परीक्षेचा व्याप शिक्षकांपलीकडे वाढविण्यात आला. १९३७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डने प्रवेशासाठी आवश्यक असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेऐवजी ही परीक्षा ग्राह्य धरली. १९३९ मध्ये खालच्या पातळीची ‘लोअर सर्टिफिकेट’ परीक्षा आली. १९४१ पासून ब्रिटिश कौन्सिलही या कार्यात सहभागी झाले. या दशकात प्रश्नपत्रिकेत जे फेरफार झाले त्यांपेक्षा प्रमाणपत्राच्या उपयोगात झालेला फेरफार अधिक महत्त्वाचा होता. पूर्वी ते विद्वत्तेचे चिन्ह होते. आता ते दाराची किल्ली झाले. आणि जेथे दार आहे तेथे किल्ल्या घडविणारे जमल्याशिवाय राहत नाहीत.

३

अटलांटिकच्या पलीकडे हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविण्याचा यत्न झाला. अमेरिकेत परकीय विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची परीक्षा १९३० मध्येच ‘कॉलेज बोर्डा’ने योजली होती; ती काही वर्षांतच बंद पडली. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली, तसतशी सर्व विद्यापीठांना मान्य होईल अशा एका परीक्षेची निकड भासू लागली. १९६१ हे या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष होय. त्या वर्षी रॉबर्ट लाडो यांचा भाषापरीक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत जॉन कॅरोल यांनी आपला निबंध वाचला. लाडो यांच्या मते भाषा ही ध्वनी, शब्द, रचना अशा सुट्या घटकांनी बनलेली असल्यामुळे ते घटक एकेक करून तपासणे शक्य आणि इष्ट होते. कॅरोल यांनी या पद्धतीचे महत्त्व मान्य केले. परंतु सुट्या घटकांबरोबरच अर्थग्रहण व आशयाची अभिव्यक्ती यांचा समग्र प्रत्यय देणारी परीक्षाही हवी, असे त्यांनी प्रतिपादिले.

१९६४ मध्ये प्रथम घेतल्या गेलेल्या ‘टोफेल’ परीक्षेत व्यवहारतः पहिल्या मताचा जय झाला. श्रवण, रचना, शब्दसंग्रह, वाचन आणि लेखनक्षमता असे तिचे पाच भाग होते, आणि ते सर्व बहुपर्यायी प्रश्नांचे होते. लेखनक्षमतेच्या भागातही परीक्षार्थीला स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नसे. दिलेल्या पर्यायांपैकी योग्य तो ओळखावा लागे. या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. फिलिप हार्टॉग यांनी १९३५ मध्ये एका सहकाऱ्यासह केलेल्या संशोधनात, एकाच उत्तरपत्रिकेला निरनिराळे परीक्षक किती भिन्न गुण देतात हे दाखवून दिले होते. हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२९ च्या समितीचे अध्यक्ष. बहुपर्यायी प्रश्नांमुळे परीक्षकाच्या लहरीचा हा दोष नाहीसा झाला. परंतु परीक्षकाचा पक्षपात गेला त्याच वेळी परीक्षार्थीचा आवाजही गेला. अयोग्य पर्याय कसे वगळावेत, चुकीच्या पर्यायांची रचना कोणत्या ठरावीक पद्धतीने केलेली असते, घड्याळाकडे लक्ष ठेवून अंदाज कधी करावा, हीच तयारीची विद्या होऊन बसली. या परीक्षेत निबंधलेखनाची जोड १९८६ मध्ये मिळाली. संभाषण हा मुख्य परीक्षेचा अनिवार्य भाग होण्यास २००५ साल उजाडावे लागले.

४

ब्रिटनने दुसरा मार्ग धरला. १९८० मध्ये ब्रिटिश कौन्सिल व केंब्रिज यांनी ‘ईएलटीएस’ ही परीक्षा सुरू केली. तिच्यामागील कल्पना आकर्षक होती : वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वैद्यकातील उतारे, तंत्रविद्येच्या विद्यार्थ्याला तंत्रविद्येतील, सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला त्या शास्त्रांतील. परीक्षेसाठी जे वाचावयाचे तेच पुढे अभ्यासासाठी वाचावयाचे असेल, तर परीक्षेची तयारी आणि खरे शिक्षण यांत अंतरच उरणार नाही, अशी ही अपेक्षा होती. परंतु कोणाचा विषय कोणत्या गटात घालावयाचा, उताऱ्यांची काठिण्यपातळी समान कशी राखावयाची, आणि मोजले जाते ते भाषेचे ज्ञान की विषयाचे, हे प्रश्न सुटले नाहीत. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सहभागाने ‘आयईएलटीएस’ परीक्षा आली तेव्हा विषयगट तीनवर आणले गेले, आणि १९९५ मध्ये ते अजिबात रद्द झाले. तेव्हापासून श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चार अंगांचे नऊ श्रेणींत मापन करणारी ही परीक्षा स्थिरावली. लेखनात किमान १५० आणि २५० शब्दांचे दोन लेख आणि परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटांचे संभाषण, हे तिचे सर्वपरिचित स्वरूप होय.

या परीक्षेत लिहावे लागते, बोलावे लागते; म्हणून येथे तरी शीत वेगळे शिजविता येणार नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु तयारीच्या वर्गांनी निबंधाचे साचे तयार केले. कोणताही विषय येवो, पहिला परिच्छेद असा, दुसरा तसा, आणि शेवटी दोन्ही बाजूंना काही अंशी मान्यता. संभाषणासाठीही पाठ केलेली उत्तरे आली. परीक्षकांना पाठांतर ओळखण्याचे शिक्षण द्यावे लागले. साचा ओळखला जातो म्हणून अधिक सफाईदार साचा घडवावयाचा, हे चक्र आजही चालू आहे.

५

परीक्षेचा अध्यापनावर जो प्रतिप्रभाव पडतो त्याचा पद्धतशीर अभ्यास १९९० नंतरच सुरू झाला, ही आश्चर्याची गोष्ट आहे. १९९३ मध्ये चार्ल्स ऑल्डरसन व डायान वॉल यांनी, असा प्रभाव खरोखर असतो काय, हाच प्रश्न उपस्थित केला. श्रीलंकेतील शालान्त परीक्षेत सुधारणा झाल्यावर तेथील वर्गांचे त्यांनी निरीक्षण केले, तेव्हा असे आढळले की, शिक्षक काय शिकवतात ते बदलले, परंतु कसे शिकवतात ते फारसे बदलले नाही. १९९६ मध्ये ऑल्डरसन व लिझ हॅम्प-लायन्स यांनी एकाच शिक्षकाचे ‘टोफेल’चे वर्ग आणि इतर वर्ग यांची तुलना केली. तयारीच्या वर्गांत शिक्षकाचे बोलणे अधिक आणि हसणेखिदळणे कमी, असे दिसले खरे. परंतु दोन वर्गांतील भेदाइतकाच दोन शिक्षकांमधील भेदही मोठा होता. तयारीचे वर्ग निरस होतात याचा सगळा दोष परीक्षेच्या माथी मारता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष मननीय आहे. २००७ मध्ये अँथनी ग्रीन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘आयईएलटीएस’च्या लेखनाची खास तयारी करणारे आणि विद्यापीठीय अभ्यासासाठी व्यापक इंग्रजी शिकणारे विद्यार्थी यांच्या प्रगतीची तुलना आहे. केवळ परीक्षेच्या तयारीचा स्पष्ट असा अधिक लाभ त्यात आढळला नाही.

हे निष्कर्ष बाजारात मात्र पोहोचले नाहीत. विद्यापीठांबरोबरच परदेशी स्थलांतराची व व्यावसायिक नोंदणीची खातीही याच परीक्षांचे गुण मागू लागली, तेव्हा परीक्षार्थींचे स्वरूप पालटले. इंग्लंडमध्ये वैद्यकीय व्यवसायासाठी जाणाऱ्या हिंदी डॉक्टरांना १९७५ पासूनच व्यावसायिक ज्ञानाबरोबर भाषेच्याही परीक्षेस सामोरे जावे लागले होते. पुढे परिचारिकांसाठीही भाषेची अट आली. पंजाबच्या लहान शहरांतून ‘आयईएलटीएस’च्या शिकवण्यांच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या. २०२१ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने भारतातील आपला या परीक्षेचा व्यवहार १३ कोटी पौंडांना ‘आयडीपी’ या ऑस्ट्रेलियन कंपनीस विकला. एका भाषापरीक्षेचे एका देशातील मोल किती, हे या व्यवहाराने प्रथमच आकड्यांत दिसले.

६

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. परंतु ‘अपेक्षित प्रश्नसंच’ हा येथील विद्यार्थ्याचा त्याहून जुना सोबती आहे. या विद्यार्थ्याला परीक्षेची युक्ती नवी नसते; भाषेचा सहवास नवा असतो. इंग्रजी वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्याला तयारीच्या वर्गात केवळ परीक्षेची ओळख करून घ्यावयाची असते, आणि तेवढ्यासाठी थोडे आठवडे पुरतात. ज्याचा भातच अजून शिजावयाचा आहे त्यालाही तोच वर्ग, तेच आठवडे आणि तेच साचे दिले जातात. गुण साधारणतः दोन वर्षांपुरतेच ग्राह्य धरले जात असल्याने त्याला पुनःपुन्हा परीक्षेस बसावे लागते, आणि शुल्कही पुनःपुन्हा भरावे लागते. १८७८ मध्ये जे घडले त्याचेच हे नवे रूप होय : परीक्षा आणि शिकवणी यांच्या झगड्याची किंमत त्या दोघांपैकी कोणीही देत नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, प्रश्नपत्रिकेची कोणतीही रचना पूर्वतयारीच्या पलीकडची ठरलेली नाही. भाषांतर, बहुपर्यायी प्रश्न, विषयवार उतारे, निबंध, संभाषण या सर्वांना तयारीने गाठले. प्रमाणपत्रावर जितके अधिक अवलंबून असेल तितकी ही गाठ लवकर पडते. दुसरी अशी की, शिक्षक या प्रक्रियेत केवळ निमित्तमात्र नाही. एकाच परीक्षेसाठी शिकविणाऱ्या दोन शिक्षकांचे वर्ग भिन्न असू शकतात, एवढे तर संशोधनाने दाखविलेच आहे. विद्यार्थ्याला परीक्षेचे स्वरूप सांगणे, तिच्या वेळेची व प्रश्नांची सवय करून देणे, हे शिक्षकाचे न्याय्य कर्तव्य होय. किंबहुना ते न करणे हाच अन्याय ठरेल. परंतु ते काम थोड्या दिवसांचे आहे. उरलेला काळ वाचन, श्रवण आणि स्वतःच्या विचारांचे लेखन यांस दिला पाहिजे. कारण ज्या दाराची किल्ली म्हणून विद्यार्थी हे गुण मिळवितो त्या दाराच्या आत प्रश्नपत्रिका नसते. तेथे व्याख्याने असतात, रुग्ण असतात, सहकारी असतात. आणि तेथे एका शितावर कोणाचेही पोट भरत नाही.