नाममुद्रेची कुळकथा

ताडकळस असो की पूर्णा तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, सप्ताहाच्या भजनात शेवटचं चरण आलं की टाळकऱ्यांचा आवाज चढतो. त्या चरणात कवीचं नाव असतं: ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’. ही नाममुद्रा. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा रचना कुणाची हे सांगायची सोय संतांनी रचनेतच करून ठेवली. पोथीचं पान फाटलं तरी गाणाऱ्याच्या तोंडी नाव राहणार.

याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. त्यांचे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबरच पुढे आले, आणि तरीही ते वेगळे ओळखू येतात ते ‘नामयाची जनी’ या मुद्रेमुळे. जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, तिच्या नावावर तिचे अभंग तेवढे पक्के राहिले. मला ही मराठी वाङ्मयातली फार मोठी गोष्ट वाटते.

मुद्रा आली तशी मुद्रेची चोरीही आली. तुकोबांच्या काळात सालोमालो नावाचा कीर्तनकार होता. तो तुकोबांचेच अभंग गाई आणि ‘तुका म्हणे’ काढून तिथं स्वतःचं नाव घाली, असं परंपरा सांगते. तुकोबांनी त्याच्यावर केलेले अभंग गाथेत आहेत. दुसऱ्याची वचनं मोडायची आणि आपली म्हणून मिरवायची, हा त्यांचा आक्षेप. आपले अभंग दुसऱ्याने गाऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सगळा वारकरी संप्रदाय एकमेकांचे अभंग गाऊनच चालतो. राग होता तो नाव पुसण्याचा आणि शब्द मोडण्याचा.

याची उलटी बाजू ज्ञानेश्वरीच्या वाट्याला आली. नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या, पदरच्या ओव्याही शिरल्या. म्हणजे दुसऱ्याचं आपलं म्हणायचं नाही, आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवायचं. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला आणि यात आपली ओवी कुणी घालू नये असं शेवटी बजावून ठेवलं. स्वतः एवढे मोठे कवी, पण ज्ञानदेवांच्या ग्रंथात आपली भर घातली नाही.

मुद्रा कुठं कुठं अपुरीही पडली. पुढच्या काळात विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी झाला, आणि त्याच्या रचना नामदेवांच्या रचनांत मिसळल्या. अभ्यासकांना मग भाषेवरून आणि आतल्या संदर्भांवरून निवड करत बसावं लागलं.

कॉपीराइटचा कायदा फार उशिरा आला. ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ मराठी पुस्तकांवर छापखान्यानंतरची. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. आज त्यानुसार लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून कुणालाही छापता येतात. जनाबाई, तुकोबा तर मोकळेच. पण अलीकडच्या संपादकाने लिहिलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना मोकळी नसते. अभंग घ्यावा, खालचा अर्थ न विचारता उचलू नये. सप्ताहाची पुस्तिका काढणाऱ्यांची गल्लत बहुधा इथंच होते.

मुदतीचा हिशेब फक्त छापण्या-विकण्याचा. त्याच कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला आणखी एक हक्क दिलाय: ही रचना माझी आहे असं सांगण्याचा, आणि आपली नाचक्की होईल अशी तिची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. पुस्तकाचे सगळे हक्क विकून टाकले तरी हा लेखकाकडेच राहतो. सालोमालोवर तुकोबांचे आक्षेप नेमके हे दोनच होते.

हल्ली व्हॉट्सअॅपवर अभंग फिरतात. जागा वाचवायला शेवटचं चरण गाळलेलं असतं, आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव असतं.