समोर कोण आहे?

सोलापूरच्या सात रस्त्यावर सातही दिशांनी एकदम रिक्षा अंगावर येतात. या खेळाला नाव काय द्यावं, हे वाणिज्य शाखेत कुणी शिकवलं नाही. ते शिकवलं आमच्या चिरंजीवांनी. व्हिडिओ गेममध्ये म्हणे प्रतिस्पर्ध्यावरून खेळाला नाव पडतं. समोर माणूस असला तर 'पीव्हीपी', खेळाडू विरुद्ध खेळाडू. समोर यंत्राने सोडलेली भुतं-संकटं असली तर 'पीव्हीई', खेळाडू विरुद्ध परिसर! म्हणजे सोलापूरकर दर मे महिन्यात जो खेळतो तो.

आमच्या पत्त्यांत नावातच जमाखर्च असे. दोघे असले की सात-आठ : तीस पानं, पंधरा हात, एकाने सात करायचे, दुसऱ्याने आठ. तिसरा आला की पाच-तीन-दोन : हात दहा, ताळेबंद चोख. चौथा आला की मेंढीकोट. कुणीच आलं नाही तर पेशन्स. त्यात समोर बसतं नशीब.

यंत्राने मात्र दर वेळी एकट्याला उभं केलं नाही. १९७२ सालचा अटारी कंपनीचा 'पाँग' घ्या. दुसरा भिडू आणल्याशिवाय खेळ नाही. १९७८ साली जपानहून 'स्पेस इन्व्हेडर्स' आला आणि परग्रहावरचे शत्रू एकट्याच्या सोबतीला आले.

पाटी आणि प्रतिस्पर्धी यांचा मेळ बसतोच असं नाही. व्हिएन्नात १७७० साली केंपेलेनने बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क दाखवला. नाव यंत्राचं, आत लपलेला माणूस! १८०९ साली नेपोलियनही त्याच्याशी खेळून हरला. १९९७ साली कास्पारोव्ह 'डीप ब्ल्यू'कडून हरला, तेव्हा आत खरंच कुणी नव्हतं.

आणि पाटी म्हणजे नुसता रंग नव्हे. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी राष्ट्रीय 'पुरुष' बुद्धिबळ स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ! प्रकरण हायकोर्टात गेलं. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. मात कुणी केली याचं पटावरच्या राजाला सुखदुःख नसतं. ते पाटी रंगवणाऱ्यांना असतं.

हल्ली तर माणसाचं नाव लावून यंत्रच खेळायला बसतं. म्हणून चिरंजीवांना एवढंच सांगतो : बाबा रे, हरलास तर समोरच्याशी हात मिळव. समोरच्याला हातच नसेल, तर बाहेरच्या खोलीत ये. आई पानं पिसून बसली आहे. पाच-तीन-दोनला एक भिडू कमी पडतोय.