तोतयाचा रखवालदार : पेशवाईतील राजकैद आणि पहाऱ्याची फितुरी

दूरचित्रवाणीवरील मालिकांतून तुरुंगाचा लाचखाऊ पहारेकरी हे पात्र वारंवार दृष्टीस पडते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कैद्याशी उर्मट आणि वरिष्ठांशी लाचार भाषा, व अंधारात कोणी थैली पुढे केली की एकदम मऊ होणारा स्वर, असा त्याचा ठरीव साचा आहे. ऐतिहासिक मालिकाही या साच्यास अपवाद नाहीत. थैलीत नोटांऐवजी मोहरा असतात एवढेच. नाटककाराच्या दृष्टीने हे पात्र सोयीचे आहे, कारण कैद्याची सुटका घडवून आणण्यास त्यामुळे एकच प्रवेश पुरतो. परंतु मराठ्यांच्या इतिहासात राजकैद्यांचे जे रखवालदार आपणास भेटतात, त्यांचे वर्तन या साच्यात सहसा बसत नाही. ते फुटले हे खरे. पण रोख पैसा हे त्याचे मुख्य कारण दिसत नाही. आपल्या ताब्यातील मनुष्य उद्या कोण होणार आहे, याविषयी त्यांनी काही एक अटकळ बांधली आणि त्या अटकळीवर आपले इमान पणास लावले, असे या प्रकरणांवरून वाटते. त्यांपैकी सर्वांत मोठे प्रकरण कोकणात घडले व रायगडच्या किनाऱ्यावर येऊन संपले. त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

तळा गावाच्या माथ्यावर असलेल्या गडावर चढून गेले असता ही भूमी कशी रचलेली आहे याची चांगली कल्पना येते. खाली मांदाडची खाडी राजपुरीच्या खाडीस मिळण्यासाठी वळणे घेत जाते. जवळच घोसाळगडाची टेकडी उभी आहे. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गडांची ही रांग. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे बारा किल्ले स्वतःकडे राखले त्यांत तळा व घोसाळा हे दोन्ही होते. पुढे हा मुलूख सिद्दीकडे गेला आणि १७३३ ते १७३६ च्या मोहिमेनंतर पुन्हा मराठ्यांकडे आला. असे गड लढाईच्या उपयोगाचे होते तसेच कैदेच्याही. मराठी राज्यात आजच्या अर्थाने तुरुंग नव्हते. चोराचिलटास चावडीवर वा कोतवालीत ठेवीत. थोर कैद्यास मात्र गड दाखवीत. महाडच्या बाजूचा लिंगाणा तर प्रामुख्याने त्याच कामासाठी प्रसिद्ध होता. सखारामबापू बोकिलांसारखा मुत्सद्दीदेखील सिंहगड व प्रतापगड करीत अखेर रायगडावर आला आणि १७८१ मध्ये तेथेच कैदेत वारला.

अशा कैदेचा खरा आधार तट आणि बुरूज हा नव्हता, गडावरील अधिकारी हा होता. शिवकालात ही गोष्ट पुरेपूर ओळखलेली दिसते. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे गडावर समान दर्जाचे असत, कोठाराची जबाबदारी कारखानिसावर असे, आणि या जागा भिन्न भिन्न जातींच्या माणसांस देत, हे सभासदाने नमूद केले आहे. एका इसमाच्या मनात पाप आले तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यातील हेतू. कैद्याची योजनेत स्वतंत्र गणना नसली तरी गडाबरोबर कैदीही या व्यवस्थेने आपोआप सुरक्षित राहत होता. पेशवाईत सुभेदार व मामलेदार यांचे महत्त्व वाढत गेले. वसुली, फौजफाटा आणि सुभ्यातील किल्ले यांवर एकाच अधिकाऱ्याचा दाब बसू लागला आणि जुनी विभागणी सैल पडली. रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे हा असा अधिकारी होता.

त्याच्या ताब्यातील कैदी मोठा विलक्षण होता. पानिपतच्या रणात १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांचे शिर नसलेले प्रेत ओळखण्याचा प्रश्न आला आणि त्यातून संशयास जागा राहिली. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. थोड्याच वर्षांत उत्तरेत एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून वावरू लागला. त्याचे नाव सुखनिधान असे होते, आणि भाऊंशी त्याचे रूपसादृश्य होते. त्यास धरून पुण्यास आणले. माधवराव पेशव्यांनी चौकशी करविली, त्यात तो तोतया ठरला. त्याचा प्राण न घेता त्यास गडोगडी कैदेत ठेवण्यात आले व अखेर तो रत्नागिरीच्या किल्ल्यात पोहोचला. ज्या मनुष्याचे अस्तित्वच राज्यास धोक्याचे, त्यास जिवंत ठेवून दूरच्या किल्ल्यावर पाठवावयाचे आणि मग विसरून जावयाचे, ही त्या काळच्या दरबारांची सवय होती. दया की आळस, हे ठरविणे कठीण आहे.

१७७६ च्या आरंभी परांजप्याने या कैद्यास मोकळे केले. रात्रीच्या अंधारात दिंडी किलकिली करून त्याने त्यास बाहेर सोडले असते, तर मालिकेतील पहारेकऱ्याशी त्याची जात जुळली असती. त्याने केले ते निराळेच. त्याने कैद्यास भाऊसाहेब म्हणून उघड मान दिला आणि सुभ्याचे बळ त्याच्या पाठीशी उभे केले. तुरुंगाधिकारी एका दिवसात कैद्याचा कारभारी झाला. चार पैशांसाठी दार उघडणारा मनुष्य कैदी दूर गेला की सुटतो. याने तर आपली मान, घर आणि वतन कैद्याच्या नशिबाशी बांधून टाकली.

त्याने असे का करावे? त्या वेळची परिस्थिती रत्नागिरीच्या तटावरून पाहिली पाहिजे, पुण्याच्या कचेरीतून नव्हे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला होता. गादीवर बसलेला सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ चा जन्मलेला, म्हणजे दोन वर्षांचाही नव्हता. आणि त्याच्या जन्माविषयी रघुनाथरावाच्या पक्षाने शंका पसरविल्या होत्या. खुद्द रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेलेला. कारभाऱ्यांचे सारे लक्ष कर्नल अप्टनशी चाललेल्या वाटाघाटींत गुंतलेले. पुरंदरचा तह १ मार्च १७७६ रोजी झाला. अशा स्थितीत धनी कोण, हा प्रश्न दूरच्या सुभेदारास खराच पडला असेल. चिमाजीअप्पांचा पुत्र, उदगीरचा विजेता, नानासाहेबांचा उजवा हात, असा भाऊ जर जिवंत असेल तर त्या घराण्यात त्याच्याहून वडील व समर्थ दुसरा कोण होता? आणि त्यास बंधमुक्त करणाऱ्याची योग्यता नव्या राज्यात काय झाली असती, हे सांगावयास नको. परांजपे भोळेपणाने फसला की जाणूनबुजून त्याने हा डाव मांडला, यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येईल. माझ्या मते हे दोन पर्याय परस्परविरोधी नाहीतच. ज्या गोष्टीत आपला लाभ आहे ती खरी वाटू लागणे, हे दरबारी माणसाच्या बाबतीत नेहमी घडते.

आणि त्याचा अंदाज काही काळ खराही ठरला. कोकणातील गडांमागून गड तोतयाच्या निशाणाखाली आले. त्याच्याभोवती वीस हजारांवर माणूस जमा झाले असे ग्रँट डफ म्हणतो. रत्नागिरीपासून कुलाब्याच्या सीमेपर्यंतचा मुलूख, ज्याच्या मध्यावर तळा, घोसाळा आणि रायगड आहेत, तो सबंध डळमळला. एका सुभेदाराने जो निर्णय घेतला, तोच आता प्रत्येक गडाच्या हवालदारास घ्यावयाचा होता : दरवाजापाशी भाऊसाहेबांचे नाव घेऊन लोक आले आहेत, दार लावावे की उघडावे? पुण्याहून लखोटा येण्यास दिवस लागत आणि अफवा येण्यास रात्र पुरत असे. कित्येकांनी दार उघडले. त्यांस सरसकट लाचखाऊ म्हणण्याइतका पैसा तोतयापाशी कोठून असणार?

बंड बोरघाटापर्यंत पोहोचले तेव्हा पुण्याचे कारभारी खडबडून जागे झाले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांपुढे तोतयाची जमवाजमव टिकली नाही. तो समुद्रमार्गे निसटू पाहत असता कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांनी त्यास धरले. येथे आणखी एका कैदेस सुरुवात झाली, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातील हा सर्वांत बोलका क्षण आहे. परांजप्याच्या हाती जो मनुष्य होता तोच आता आंग्र्यांच्या हाती होता. तोच चेहरा, तोच दावा. आंग्र्यांचे पेशव्यांशी जुने वैर. भाऊसाहेबास पेशवाईवर बसवून त्यांनाही पुष्कळ मिळविता आले असते. पण आता फौज फुटली होती, वारा फिरला होता. रघुजींनी कैद्यास पुण्याच्या स्वाधीन केले. पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन मिळाले. रघुजींस राजनिष्ठ म्हणावे आणि परांजप्यास फितूर, हे निकालानंतरच्या कागदांस शोभते. दोघांच्या हिशेबाची रीत एकच होती, फक्त तो वेगवेगळ्या महिन्यांत मांडला गेला.

या कथेत नाट्य आहे हे मराठी रंगभूमीनेही ओळखले, न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक १९१३ चे. आजच्या मालिकाकारांनी परांजप्याकडे पाहिले तर त्यांना थैलीची गरज भासू नये.

द्रव्याने विकत घेतलेले पहारेकरी मराठी इतिहासात नव्हतेच, असा मात्र याचा अर्थ नाही. शनिवारवाड्यात नजरकैदेत असलेल्या रघुनाथरावाने पहाऱ्यावरील गारद्यांस रक्कम आणि किल्ले यांचे आश्वासन देऊन वश केले, त्याचाच परिणाम नारायणरावाच्या खुनात झाला. तेथे व्यवहार उघड होता. तरी त्यातही पैसा वायद्याचाच होता, आणि वायदा करणारा कैदी उद्या पेशवा होईल या भरवशावरच तो स्वीकारला गेला, हे ध्यानात घ्यावे.

रघुनाथरावाच्या मुलांनी बापाचा हा कित्ता सौम्य रीतीने गिरविला. १७९४ मध्ये त्यांस आनंदवल्लीहून शिवनेरीवर हलविण्यात आले. रखवालीस जे अधिकारी नेमले त्यांत बळवंतराव नागनाथ हा एक होता. तरुण बाजीरावाने गोड बोलून त्यास आपलेसे केले आणि त्याच्या मार्फत सवाई माधवरावांशी गुप्त पत्रव्यवहार सुरू केला. पेशव्यांस चुलत्याविषयी ममत्व वाटू लागले. नाना फडणिसांस हे कळताच बळवंतरावास बेड्या घालून गडावर टाकण्यात आले. रखवालदार स्वतःच कैदी झाला. यानंतर फार दिवस गेले नाहीत तोच २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव मरण पावले, आणि १७९६ संपण्यापूर्वी शिवनेरीचा तो कैदी पेशवा झाला होता. बळवंतरावाची अटकळ बरोबर होती. चूक झाली ती वेळेची.

इंग्रजांनी या साऱ्यापासून एक धडा घेतला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा जुलै १७१५ नव्हे, १८१५ मध्ये पंढरपुरास खून झाल्यावर त्रिंबकजी डेंगळे त्यांच्या ताब्यात आला. त्यास ठाण्याच्या किल्ल्यात ठेवताना पहारा केवळ गोऱ्या शिपायांचा नेमला. देशी माणूस नात्याने, जातीने किंवा बाजीरावाच्या नावाने वश होईल, ही भीती त्यामागे होती. या शिपायांस बाजीरावाकडून कोणतीच आशा नव्हती आणि त्रिंबकजीच्या भवितव्याशी कर्तव्य नव्हते. मात्र त्यांस मराठी येत नव्हते. एका गोऱ्या अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोड्याची निगा राखताना खिडकीखाली गाणी म्हणत असे, आणि सुटकेचा सारा बेत त्या गाण्यांतून आतल्या कैद्यास समजत गेला. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी भिंतीस पाडलेल्या भोकातून निघून गेला. पहारेकऱ्यांपैकी कोणी कवडी घेतलेली नव्हती.

१८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने तळा, घोसाळा आणि रायगड घेतले आणि गडावरच्या हवालदारीबरोबर गडावरची कैदही संपली. त्रिंबकजी पुन्हा सापडला तेव्हा त्यास कोकणात वा देशावर न ठेवता गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात नेले. तेथे तो १८२९ मध्ये वारला. तळ्याच्या गडावर आता पाण्याची टाकी आणि पडका तट उरला आहे. ठाण्याच्या त्या किल्ल्यात मात्र मध्यवर्ती कारागृह आहे.