विल्यम मरी, डायसार्टचा पहिला अर्ल

१. येथे ज्याचा उल्लेख नुसता ‘मरी’ असा आला आहे, तो विल्यम मरी (मृत्यू १६५५). स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यातल्या डायसार्ट गावच्या पाद्र्याचा हा मुलगा. चुलता टॉमस मरी राजपुत्र चार्ल्सचा शिक्षक असल्यामुळे विल्यम राजपुत्राबरोबरच शिकला. राजपुत्र चुकला की छड्या विल्यमला बसत, ही गोष्ट बिशप बर्नेटने पुष्कळ नंतर लिहिली. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. दोघांचा जन्मभराचा स्नेह मात्र निर्विवाद आहे.

१६२६ मध्ये लंडनजवळ थेम्सकाठचे हॅम हाउस त्याच्याकडे आले. १६३७–३९ मध्ये त्याने तिथे जो लाकडी जिना करवला, त्याच्या कठड्यावर ढाली, नगारे, तोफा कोरल्या आहेत आणि खांबांच्या माथ्यावर फळांच्या परड्या.

इंग्लंडच्या यादवी युद्धात तो राजाच्या, म्हणजे याच चार्ल्सच्या, बाजूने उभा राहिला. १६४६ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून लंडनच्या टॉवरमध्ये कैदही झाली. तरीही घर वाचले, याचे श्रेय पत्नी कॅथरिन ब्रूस हिला द्यायला हवे. १६४१ मध्येच मालमत्ता तिच्या व चार मुलींच्या हितासाठी विश्वस्तांकडे सोपवली होती. नवरा दूर असताना जप्तीशी ती नेटाने झुंजली. १६४९ मध्ये ती वारली. चरित्रकार तिला एका ओळीत उरकतात, हा अन्याय आहे.

मुलगा नसल्याने किताब थोरल्या एलिझाबेथकडे गेला. पुढे येणारी लॉडरडेलची डचेस ती हीच.