बंगळूरहून तंजावरास

बंगळूरच्या ॲव्हेन्यू रोडवर, म्हणजे जुन्या दोड्डपेठेत, जुनी पुस्तके चाळणाऱ्या मराठी माणसास एका गोष्टीचे स्मरण क्वचितच होत असेल. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच तंजावरास गेले. त्यांच्या वंशात ग्रंथांचा आणि वाद्यमेळाचा असा नाद असलेला एक राजा निपजला की, त्याची हौस हाच त्याचा पराक्रम म्हणावा.

सरफोजी दुसरे 1798 साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला. हाती उरला किल्ला आणि नेमणूक. दुसऱ्या कोणी ती नाचरंगात उडवली असती. (नाचरंग तंजावरातही होताच!) सरफोजींनी 1820 च्या काशीयात्रेत पोथ्या मिळवल्या, नकला करविल्या, युरोपीय भाषांतील पुस्तके जमवून त्यांवर स्वहस्ते सह्या केल्या. देशी वाद्यांच्या जोडीला पाश्चात्य बँड उभा केला. त्यांच्या दरबारातील वराहप्पा व्हायोलिन वाजवीत. कर्नाटक संगीतात हे परके वाद्य रुजविणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांचे नाव घेतात.

1855 साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले. कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई दाद मागत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या, पण 1859 साली निकाल विरुद्ध लागला. एवढ्या उलथापालथीतून ग्रंथसंग्रह मात्र वाचला. 1918 साली तो लोकांस खुला झाला. सरफोजींची सही असलेली पुस्तके सरस्वती महालात आजही आहेत.